लो केलेली गाडी, रिपोर्ट हिरवागार आणि टायर मात्र आतून खलास

तिसरा_गिअर

मंडळी मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीय. हॅचबॅक आहे, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम). लोअरिंग स्प्रिंग टाकून साधारण ४० मिमी खाली घेतली. काम झालं त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, मग २ हजार किमीला परत केलं, मग ५ हजारला अजून एकदा. तिन्ही वेळा रिपोर्टवर सगळं हिरवं, म्हणजे मर्यादेत. आणि काल पंक्चरसाठी पुढचं डावं चाक काढलं तर आतल्या कडेला बोटभर पट्ट्यात नक्षीच शिल्लक नाही, एका ठिकाणी चक्क तारा दिसतायत. बाहेरून बघितलं तर टायर नवा कोरा वाटतो, म्हणून इतके दिवस कळलंच नाही. उजवा पण तसाच, फक्त जरा कमी. टायर जेमतेम ७ हजार चाललेत हो!

सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. अलाइनमेंटवाला म्हणतो लो गाडीला कॅम्बर (समोरून बघताना चाकाचं झुकणं, वरचा भाग आत असेल तर उणे) जास्तच येणार, कॅम्बरनेच टायर खाल्ला, कॅम्बर बोल्ट (तो कोन बदलता येणारे बोल्ट) टाका. टाकू का? की सगळं काढून परत स्टॉक करू?

सरळमार्गी

स्टॉक कर आणि सुखाने झोप. कंपनीने उंची काही उगाच ठरवलेली नसते.

पाना_पक्कड

झालं, कोणीतरी हे म्हणणारच होतं 😄

मित्रा, आधी एक काम कर. टायर अजून फेकला नसशील तर नक्षीवरून आडवा हात फिरव, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दातासारखं बोटाला लागत असेल तर तो टो चा, म्हणजे वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा मार आहे. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत झिजलेलं असेल तर मग कॅम्बरकडे बोट दाखवू. आणि रिपोर्टचे फोटो टाक, तिन्ही. फक्त हिरवं हिरवं सांगू नको, आकडे हवेत.

तिसरा_गिअर

हात फिरवला. करवतच आहे 😐 डाव्या टायरला तर बोट कापेल असं.

पहिला रिपोर्ट हरवला, बाकी दोन आहेत. फोटो अपलोड होईना म्हणून टाइप करतोय. दुसऱ्या वेळचा, नंतरचा कॉलम: डावा कॅम्बर उणे १ अंश ५० मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १ अंश), उजवा उणे १ अंश २० मिनिटं, टोटल टो शून्य. तिसऱ्या वेळचा: डावा कॅम्बर उणे २ अंश ५ मिनिटं, उजवा उणे १ अंश २० मिनिटं, टो परत शून्य. कॅम्बरला त्यांनी हात लावला नाही, म्हणाले ॲडजस्टमेंटच नाही.

पाना_पक्कड

आणि आधीचा कॉलम? सेटिंग करायच्या अगोदर मशीनने जे मोजलं ते?

तिसरा_गिअर

ते कशाला? असो, देतो. दुसऱ्या वेळी: डावा टो उणे २४ मिनिटं, उजवा उणे १०, टोटल उणे ३४. तिसऱ्या वेळी: डावा उणे १७, उजवा उणे ५, टोटल उणे २२.

पाना_पक्कड

ते कशाला म्हणजे काय रे, तुझ्या टायरची अख्खी कुंडली त्या कॉलममध्ये आहे! नंतरचा कॉलम म्हणजे गाडी मशीनवर उभी असताना त्या मिनिटाला काय होतं ते. आधीचा कॉलम म्हणजे तू इथवर कसा चालवत आलास ते. सगळे हिरवं बघून घरी जातात.

आता हिशोब बघ. टोटल उणे ३४ म्हणजे टो आउट, चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली, दोन्ही चाकांना वाटला तर प्रत्येकी १७ मिनिटं. तेवढ्या कोनात चाक तिरकं पळालं तर दर किलोमीटरमागे साधारण ५ मीटर आडवं घासतं. २ हजार किमीत ते होतात १० किलोमीटर. ढोबळ हिशोब आहे, सुरुवातीपासून इतकाच आउट नसणार, पण अंदाज आला ना? कॅम्बर फक्त ठरवतो की टायरची कुठली कड घासली जाणार. घासायचं काम टो करतो. दीड अंश निगेटिव्हवर माझे टायर छान पुरलेत, टो जागेवर असला की.

स्टिअरिंगचं कोडं पण इथेच सुटतं. डावं चाक डावीकडे जास्त बघतंय, उजवं उजवीकडे कमी, म्हणजे दोघांचं मिळून गाडीला डावीकडे ओढणं, आणि ते सावरायला तू स्टिअरिंग उजवीकडे धरतोस.

आता खरा प्रश्न. टो दोन वेळा शून्यावर आणला आणि दोन्ही वेळा परत आउट गेला, तोही डावीकडेच जास्त. वर डावा कॅम्बर हात न लावता १५ मिनिटांनी वाढला. म्हणजे डावीकडे काहीतरी सरकतंय. सरकत्या गाडीचं अलाइनमेंट कितीही वेळा कर, काही उपयोग नाही. उंची मोज. जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरची हवा आणि झीज मध्ये येत नाही.

चाकधर

मध्येच बोलतो, माफ करा. लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट कुठे आवळले ते विचारा त्याला. ९० टक्के वेळा तिथेच घोळ असतो.

तिसरा_गिअर

मोजलं. उजवीकडे ३४१, डावीकडे ३३३ मिमी. ८ मिमी चा फरक!! स्प्रिंग तर दोन्ही एकाच सेटमधले.

चाकधर दादा, कुठे आवळले म्हणजे? गाडी लिफ्टवर होती, चाकं लटकत होती, तिथेच सगळं काढलं आणि तिथेच आवळलं. मी समोर उभा होतो.

चाकधर

मग सापडलं तुमचं दुखणं.

लोअर आर्मचा बुश म्हणजे मधे लोखंडी नळी, भोवती रबर, आणि रबर दोन्हीकडे चिकटवलेलं. बोल्ट आवळला की मधली नळी बॉडीला घट्ट धरली जाते, त्यापुढे आर्म वरखाली होताना नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. चाक लटकत असताना आवळलं तर रबराची सरळ स्थिती ती झाली. मग गाडी खाली सोडली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेल्या कपड्यासारखं राहतं. पहिले काही दिवस ते पिळलेलं रबरच गाडीला थोडं वर धरून ठेवतं. लो गाडीत तर आर्म अजून वर, म्हणजे पीळ अजून जास्त. मग एक दिवस रबर फाटतं नाहीतर सैल होतं आणि तो कोपरा बसतो. बसला की आर्मचा कोन बदलतो, टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) बदलतो, दोघांची वरखाली फिरण्याची गोलाई वेगळी असल्यामुळे टो सरकतो. तुमचा डावा बुश आधी गेला असणार. टॉर्च घेऊन बघा, मागच्या बुशला चिरा दिसतील.

आमच्याकडे आम्ही बोल्ट सैलच ठेवतो, गाडी रॅम्पवर चढवतो, म्हणजे वजन चाकांवर, चारही कोपरे दाबून हलवतो आणि मग खालून आवळतो. वेळ जातो, गुडघे दुखतात, पण तेच बरोबर. मागच्या बीमच्या बुशलाही हाच नियम.

पाना_पक्कड

+१. आणि कॅम्बर बोल्टचं सांगतो, कारण तू ते विचारलेलंस. टाक, पण सगळ्यात शेवटी, आणि तेही डावी उजवीकडचा फरक अर्ध्या अंशाच्या आत येत नसेल तरच. स्टिअरिंग रॅक (टाय रॉडना डावीउजवीकडे सरकवणारा भाग) एक्सलच्या मागे असेल तर कॅम्बर बोल्टने चाकाचा वरचा भाग बाहेर ढकलला की टाय रॉड मागून तेवढंच धरून ठेवतो आणि चाक टो आउट होतं. म्हणजे कॅम्बर कमी करून टो तसाच सोडला तर टायर आधीपेक्षा लवकर जाईल! कॅम्बर आधी, टो नंतर, उलट कधीच नाही.

कोनमापक

मी घरीच करतो, दोन गोष्टी सांगतो कारण मशीन असूनही लोक चुकतात. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. लटकल्यावर चाकं आत ओढली जातात आणि खाली टेकली तरी टायर जमिनीला धरून ठेवतो, म्हणून गाडी पुढे मागे दोन तीन मीटर ढकलायची किंवा चाकाखाली प्लास्टिकच्या दोन पिशव्या ठेवायच्या, मधे थोडं ग्रीस, चाक आपोआप जागेवर सरकतं.

कॅम्बरला मी ओळंबा लावतो, हो तोच गवंड्याचा. फेंडरला दोरी, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. १६ इंची रिमची बाहेरची कड प्रत्यक्षात ४३ सेंटीमीटरच्या आसपास भरते, (१६ इंच हे टायर बसतो तिथलं माप आहे, मी पहिल्यांदा ४०.६ धरून हिशोब केला आणि स्वतःवरच चिडलो) त्यावर वरखालीचा फरक ७.५ मिमी म्हणजे १ अंश. टो ला त्याच रिमवर पुढचं आणि मागचं माप घ्यायचं, फरक १ मिमी म्हणजे ८ मिनिटं. जमीन मात्र सपाट पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात.

तिसरा_गिअर

अपडेट देतो, तीन आठवडे लागले.

डाव्या आर्मचा मागचा बुश अर्धा फाटलेला निघाला, पान्याने ढकलला तर आर्म डोळ्यांना दिसेल इतका हलत होता. उजवा फाटला नव्हता, पण त्याचा बोल्ट रॅम्पवर सैल केल्याबरोबर टक् असा आवाज आला आणि तो कोपरा खाली बसला. इतका पीळ धरून बसला होता! दोन्हीकडे नवे बुश टाकले, वजनावर आवळले, ५०० किमी चालवली आणि मगच मशीनवर नेली. उंचीचा फरक आता २ मिमी.

आधीचा कॉलम यावेळी मीच मागून घेतला. डावा कॅम्बर उणे १ अंश ३५ मिनिटं, उजवा उणे १ अंश ३०, त्यामुळे कॅम्बर बोल्ट घेतलेच नाहीत. टोटल टो अधिक ४ मिनिटं ठेवला, दोन्हीकडे सारखा वाटून, आणि सेटिंगच्या वेळी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग सरळ करून लॉक करायला लावलं. मेकॅनिक म्हणाला इतकं कोणी विचारत नाही. फक्त निघताना स्टॅबिलिटीचा पिवळा दिवा लागला, तो काय प्रकार आहे? काही तोडलं का मी?

चाकधर

काही तोडलं नाही. तुम्ही इतके दिवस स्टिअरिंग वाकडं धरून सरळ चालवत होता, आता स्टिअरिंग खरंच सरळ आहे, आणि त्याच्या अँगल सेन्सरला शून्य नवीन जागी दाखवावं लागतं. काही गाड्यांत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की जातो, नाहीतर स्कॅनर लावून कॅलिब्रेट करून घ्या. आणि हजार दीड हजार किमीने नुसतं मोजून या, सेटिंग नको. हेडलाइटचा झोत पण बघून घ्या, पुढचं टोक मागच्यापेक्षा जास्त बसलं असेल तर उजेड पायाशीच पडतो.

तिसरा_गिअर

टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, गेला दिवा. दीड हजार किमीनंतर मोजून आलो. आधीचा कॉलम: अधिक ५.

सरळमार्गी

मी तरी स्टॉकच ठेवली असती.