सगळ्या खाणी एकाच पट्ट्यात, खनिजं चार प्रकारची: अशा मायनिंग कंपनीत पैसे टाकावेत का?

खडखडाट
मंडळी, एक मायनिंग कंपनी बघतोय. सगळ्या खाणी एकाच देशात, जवळजवळ एकाच पट्ट्यात, पण खनिजं वेगवेगळी: लोहखनिज, मँगनीज, कोळसा आणि थोडं तांबं. मॅनेजमेंट सारखं डायव्हर्सिफाइड डायव्हर्सिफाइड करतंय, म्हणजे एकाचा भाव पडला तर दुसरं सांभाळून घेईल. पीई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) ५, डिव्हिडंड मस्त, कर्ज नावालाच. एवढं स्वस्त का मिळतंय तेच कळेना. १० वर्षं ठेवायची तयारी आहे.

ताळेबंद_वाचक
पीई ५ बघून हुरळून जाऊ नका. मायनिंगमध्ये भाव वर असले की नफा फुगतो आणि म्हणून पीई कमी दिसतो, मंदीत नफाच उरत नाही तेव्हा तोच पीई ४० होतो नाहीतर मायनसमध्ये जातो. म्हणजे शेअर स्वस्त दिसतो तेव्हाच बरेचदा महाग असतो. १० वर्षांचा सरासरी नफा काढा, त्यात २०१५ धरा, तेव्हा ग्लेनकोर आणि अँग्लो अमेरिकन सारख्या बड्या मायनिंग कंपन्यांनी सुद्धा डिव्हिडंड थांबवला होता. ह्यांनी तेव्हा काय केलं ते बघा.

तिसरी_पाळी
कोळसा कुठला ते आधी सांगा. कोकिंग (पोलाद बनवायला लागणारा) असेल तर लोहखनिज, मँगनीज, कोळसा तिन्ही शेवटी पोलादाच्या भट्टीतच जाणार, आणि जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद एकटा चीन बनवतो. मग नावं तीन आणि गिऱ्हाईक एकच की हो!
दुसरं म्हणजे रेल्वे. दक्षिण आफ्रिकेत कोळसावाले, लोहखनिजवाले, मँगनीजवाले सगळे ट्रान्सनेट ह्या सरकारी कंपनीच्या मालगाड्यांवर अवलंबून, आणि गेल्या काही वर्षांत इंजिनं कमी पडली, तांब्याच्या तारा चोरीला जायला लागल्या आणि बंदरापर्यंत माल जाईना, खाणीच्या तोंडाशी ढीग लागले. भाव चांगला असून काय उपयोग, विकायलाच जमत नाही. वीज, पाणी, रॉयल्टी, सरकार हे पण सगळं एकच असतं अशा कंपनीला.

भूगर्भी
थोडं उलटं बोलतो. एका भागात असणं वाईटच असं नाही, तिथला खडक माहीत असतो, माणसं आणि वर्कशॉप वाटून वापरता येतं, आणि खर्च स्थानिक चलनात नि विक्री डॉलरमध्ये असेल तर चलन घसरलं की मार्जिन वाढतं. पसारा मोठा म्हणजे चांगला असंही नाही, बीएचपी ह्या बड्या मायनिंग कंपनीने स्वतःच २०१५ मध्ये काही खाणी साऊथ३२ नावाच्या कंपनीत वेगळ्या काढल्या.
मी बघेन ते टनामागचा खर्च. जगातल्या खाणी खर्चाच्या क्रमाने लावल्या तर ह्यांची स्वस्तातल्या निम्म्यात बसते का? इंडोनेशियाचं निकेल बाजारात आल्यावर भाव असा पडला की ऑस्ट्रेलियातल्या खाणी बंद करायची वेळ आली, बीएचपीने पण २०२४ मध्ये तिथला आपला निकेलचा धंदा, निकेल वेस्ट, थांबवला. स्वस्तात काढणारा टिकतो.
आणि रिपोर्टमध्ये रिसोर्स आणि रिझर्व्ह वेगळं वाचा. रिसोर्स म्हणजे जमिनीत आहे असा अंदाज, इन्फर्ड असेल तर फारच ढोबळ. रिझर्व्ह म्हणजे आजच्या हिशेबाने काढून परवडेल तेवढं. रिझर्व्ह भागिले वर्षाचं उत्पादन करा, ७ वर्षं आलं तर तुमची १० वर्षं कशी भरणार?

खडखडाट
बघितलं. कोळसा कोकिंगच आहे 😅 तांब्याचा नफ्यातला वाटा अगदीच किरकोळ. लोहखनिजाचं रिझर्व्ह भरपूर आहे पण लीजचं नूतनीकरण ६ वर्षांनी.

तिसरी_पाळी
मग ही लोहखनिजाची कंपनी समजूनच भाव लावा, बाकीचं बोनस. लीजचं धरून चालू नका, पनामात २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने करार घटनाबाह्य ठरवला आणि फर्स्ट क्वांटम कंपनीची चालू असलेली, जगातलं साधारण १ टक्का तांबं देणारी खाण बंद पडली.

ताळेबंद_वाचक
खाण बंद करतानाच्या खर्चाची तरतूद पण बघा, नोट्समध्ये मागे कुठेतरी असते. कर्ज नावालाच म्हणताय त्यात ती धरलेली नसते. गाळाची धरणं (खनिज काढून उरलेला गाळ साठवतात ती) किती जुनी आहेत, कशी बांधलीत तेही विचारा, ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्योला २०१९ मध्ये असं धरण फुटून २७० माणसं गेली आणि खाणीची मालक वाले (Vale) कंपनीला त्याचे पैसे अजून भरावे लागतायत.