मदत हवी आहे: खेळ, राजकारण आणि विज्ञान यांची सरमिसळ असलेले प्रश्न सुचवा

मंडळी, एका प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न काढतोय. 'सर्वात वेगवान धावपटू कोण' छापाचे प्रश्न नकोत. उसेन बोल्टचे ९.५८ सेकंद सगळ्यांना पाठ आहेत. मला हवेत दोन क्षेत्रांत पाय असलेली माणसं.

आतापर्यंत जमलेले असे: १९९५ चा बॅलन डी'ऑर (फुटबॉलमधला मोठा वैयक्तिक पुरस्कार) जिंकणारा जॉर्ज वेआ २०१८ मध्ये लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. फिलिप नोएल-बेकर यांच्याकडे १९२० च्या ऑलिंपिकमधलं १५०० मीटरचं रौप्यपदक आणि १९५९ चं शांततेचं नोबेल, दोन्ही! माझा सर्वात लाडका मात्र हराल्ड बोर. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचा धाकटा भाऊ, स्वतः गणितज्ञ, आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघातून रौप्यपदक. (धाकट्याला कोण विचारतो म्हणा.) जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँगेला मर्केल यांची क्वांटम रसायनशास्त्रातली डॉक्टरेटही यादीत घेतली आहे, पण ते आता बऱ्याच जणांना माहीत असतं.

गाडी अडते ती देशांवर. व्हॅटिकन सर्वात लहान आणि दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र, यापुढे काही सुचत नाही. देशाचा संबंध खेळाशी किंवा विज्ञानाशी जोडणारं काही आहे का कुणाकडे? शिवाय यादीत महिला खेळाडू एकही नाही, तेही खटकतंय.

एकच अट: उत्तर दरवर्षी बदलणारं नसावं. सध्याचे पंतप्रधान, चालू विक्रम वगैरे टाळा. उत्तरासोबत वर्ष लिहिलंत तर पडताळून बघणं सोपं जाईल.