मंडळाच्या पैशात एक तगडा डीएसएलआर की तीन खिशातले कॅमेरे?

सडेवाटा, सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं एक छोटं निसर्ग मंडळ आहे. कासला ऑगस्ट-सप्टेंबरात झुंबड उडते, पण त्याच्या आजूबाजूला कितीतरी सडे, म्हणजे कातळाची पठारं, असे आहेत की तिथं गुराख्याशिवाय कुणी फिरकत नाही. त्या सड्यांवर कुठलं फूल कधी उमलतं, किती दिवस टिकतं, पुढच्या वर्षी त्याच जागी येतं का, याची फोटोंसकट नोंद ठेवायची असं आम्ही ठरवलंय. एका सद्गृहस्थांनी कॅमेऱ्यासाठी देणगी दिली आणि मंडळात दोन तट पडले.

एक गट म्हणतो, कॅनन ९०डी किंवा निकॉन डी७५०० च्या तोडीचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि अगदी जवळून फोटो काढायची १०० मिमी मॅक्रो लेन्स घ्या, घ्यायचं ते एकदाच चांगलं घ्या. मी दुसऱ्या गटात आहे. ही जोडी लाखाच्या बऱ्याच पुढे जाते. तेवढ्यात कॅननच्या आयक्ससच्या जातीचे तीन अल्ट्राकॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारे कॅमेरे, येतील आणि पैसे उरतील.

महागडा कॅमेरा एकाच माणसाच्या हातात राहतो, हे मी आजवर प्रत्येक मंडळात पाहिलंय. बाकीचे त्याची बॅग आणि ट्रायपॉड वाहतात. तो माणूस रविवारी मोकळा असतो, म्हणून नोंदही रविवारचीच होते. सड्यावर रोज जाणारी माणसं वेगळी आहेत. गुरं चारणारी पोरं, गवताला जाणाऱ्या बाया. त्यांच्या हातात कॅमेरा गेला पाहिजे. ९०डी बॅटरी-कार्डासकट ७०१ ग्रॅमचा, कॅननची १०० मिमीची भारीतली ‘एल’ मॅक्रो लेन्स ६२५ ग्रॅमची. आयक्सस २८५ भरतो १४७ ग्रॅम. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी ठाम विरोधात आहे. अल्ट्राकॉम्पॅक्टमधला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, साधारण ६.१७ गुणिले ४.५५ मिमीचा. ९०डीसारख्या डीएसएलआरमधला एपीएस-सी मापाचा सेन्सर त्याच्या बारा-तेरा पट क्षेत्रफळाचा. सड्यावर फुलं कधी असतात? ढग उतरलेले, धुकं, दुपारी तीनला संध्याकाळ झाल्यासारखं. अशा उजेडात छोट्या सेन्सरचा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वर चढवावी लागते, फोटोत दाणे येतात, आणि ते दाबायला कॅमेरा स्वतःच फोटो गुळगुळीत करून टाकतो. देठावरची लव, पाकळीवरच्या शिरा, सगळं पुसलं जातं. आयक्ससमध्ये रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेला मूळ फोटो, तोही मिळत नाही, म्हणजे पुसलेलं परत आणायची सोय नाही.

फूल तोडायचं नाही हा आपला नियम. मग ओळख पटवायला जे जे लागतं ते फोटोतच आलं पाहिजे. नोंद म्हणजे पुरावा. पुरावाच अर्धवट असेल तर तीन काय, तीस कॅमेरे घेऊन काय उपयोग?

सडेवाटा, सातारा

सर, पुराव्याचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच मॅक्रोचं गणित मांडते. सीतेची आसवं घ्या. ओल्या कातळावर उगवतात, फूल नखाएवढं. ते फ्रेमभर घ्यायला डीएसएलआर १:१ वर, म्हणजे सेन्सरवर फूल प्रत्यक्षाएवढं पडेल इतक्या जवळ, नेला तर लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवूनसुद्धा एपीएस-सी सेन्सरवर स्पष्ट पट्टा एक मिलिमीटरही भरत नाही. वरची पाकळी नीट आली तर खालची सोंड धूसर. सगळं स्पष्ट हवं तर फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून ते एकत्र करायचे. त्यासाठी फूल हलता कामा नये, आणि सड्यावरचा वारा कुणासाठी थांबत नाही.

छोट्या सेन्सरवर हा स्पष्ट पट्टा बराच जाड असतो, ते आमच्या पथ्यावर पडतं. एका क्लिकमध्ये अख्खं फूल स्पष्ट येतं, शिवाय मागचं डबकं, बाजूचं गवत, कातळाचा उतार हे सगळं दिसतं. फूल कुठं उगवलंय ते कळणं आमच्या कामात फुलाइतकंच मोलाचं आहे. पाठीमागे नुसता हिरवा धूसर पडदा असलेले सुंदर फोटो कासचे हजारोंनी आहेत. त्यातल्या एकावरूनही जागा सांगता येत नाही.

आणि गेंदासारख्या वनस्पतीची जात तर कुठल्याच कॅमेऱ्याने ठरत नाही. ती भिंगाखाली फुलोरा उलगडून, बी बघूनच ठरते.

माणदेशी

फुलांवरच थांबणार आहात का पण? आज फुलं, उद्या फुलपाखरं, परवा पक्षी. आमच्या खटावात येरळवाडीच्या तलावावर रोहित येतात. काठावरून ते ठिपक्याएवढे दिसतात. डीएसएलआरला ३०० मिमी लेन्स लावली की निकॉन डी७५०० वर ती ४५० सारखी काम करते. पक्षी उडाला की बटण दाबल्या क्षणी फोटो निघतो. छोटा कॅमेरा आधी विचार करतो, मग फोटो काढतो, तोवर पक्षी फ्रेमबाहेर.

आणखी दोन गोष्टी. भर उन्हात छोट्या कॅमेऱ्याचा पडदा दिसतच नाही, कॅमेरा अंदाजाने रोखावा लागतो. डीएसएलआरला डोळा लावला की समोरचं जसंच्या तसं दिसतं, कारण ते आरशातून येतं, बॅटरी खात नाही. कंपनीच्याच आकड्यांनुसार ९०डी एका चार्जिंगवर १३०० फोटो काढतो, आयक्सस २८५ फक्त १८०. ज्या वाडीत वीज दिवसभर गायब असते तिथं हा फरक लई मोठा.

परळी खोरं

मी सडेवाटाताईंच्या बाजूने. आमच्या घरी सासूबाई सड्यावर गुरं घेऊन जातात. कुठली वेल कुठल्या दगडाच्या आडोशाला येते हे त्यांना पाठ आहे. मागे एक फोटोग्राफर मोठा कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी सासूबाईंकडूनच कंदीलपुष्पाची जागा विचारून घेतली, मग पोटावर आडवे होऊन बराच वेळ फोटो काढले. उठले तेव्हा भोवतीचा तेरडा पार लोळला होता. सासूबाईंनी तो हाताने सरळ करायचा प्रयत्न केला. फोटो आम्हाला कधीच बघायला मिळाला नाही.

आता त्यांच्याच हातात छोटा कॅमेरा द्या. त्या वाकतील, फोटो काढतील, तो कनवटीला लावतील आणि गुरांमागे जातील. मोठा कॅमेरा त्यांच्या हातात दिला तर त्या तो धरायलाच घाबरतील. पडला तर भरून कुठून द्यायचा, हा विचार आधी येतो. ही भीती खरी आहे, शिकवून जाणारी नाही.

वाईकर

वहिनी, तुम्ही सांगितलंत ते फोटोग्राफरच्या वागण्याबद्दल आहे. छोटा कॅमेरा घेऊन फुलांत लोळणारेही असतातच.

मला टिकाऊपणाबद्दल बोलायचंय. पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स दुर्बिणीसारखी बाहेर येते आणि आत जाते. तिथं माझ्या अशाच कॅमेऱ्याच्या लेन्सने आत जाताना कडेचा भंडारा ओढून घेतला. आधी करकर आवाज, मग लेन्स अर्ध्यातच अडकली, पडद्यावर एररची सूचना. उघडल्यावर दिसलं की पिवळी पूड सेन्सरपर्यंत पोचलीय. अशा कॅमेऱ्याची लेन्स काढता येत नाही, म्हणजे साफ करायचा तर अख्खा खोलावा लागतो. त्याच गर्दीत मित्राच्या डीएसएलआरला सांध्यांवर सील होतं. त्याने ब्लोअर मारला, ओल्या कपड्याने पुसला आणि काम चालू.

सड्यावर भंडारा नाही, पण पाऊस आहे, चिखल आहे, पोरांच्या खिशातली भुईमुगाची टरफलं आहेत.

कऱ्हाडचा पोरगा

मोबाईल आहे की सगळ्यांकडं. कशाला खर्च?

सडेवाटा, सातारा

भावा, सगळ्यांकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातल्या बऱ्याच फोनचा मॅक्रो कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, नावापुरता. आणि पोराच्या हातात फोन दिला की तो सड्यावर काय बघतो ते तुलाही माहीत आहे.

वाईकर, तुमचा मुद्दा जड आहे. पाऊस-चिखलासाठी प्रत्येक कॅमेऱ्याला झिपची पिशवी आणि सिलिका जेल देणार आहोत, आणि उरलेल्या पैशातून जादा बॅटऱ्या. तरी एखादा बिघडेल. तेव्हा दोन चालू असतील. मंडळाचा एकुलता एक डीएसएलआर दुरुस्तीला गेला तर त्या हंगामाची नोंदच संपली.

पोवई नाका

मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं कडू सांगतो.

डीएसएलआरवाल्यांनो, २०२० नंतर कॅनन आणि निकॉनने एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून मिररलेसवर चांगल्या चालतात, त्यामुळे लेन्समधले पैसे बुडत नाहीत. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस मात्र निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर चालत नाही, कारण त्या अॅडॅप्टरमध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही. घेताना हे बघा.

छोट्या कॅमेऱ्यांचं तर आणखी अवघड. मोबाईलने तो बाजार बसवला, नवे मोजकेच येतात. आता कॉलेजच्या पोरांत जुन्या डिजीकॅमची, म्हणजे छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस आल्यामुळे सेकंडहँडचे भावही चढलेत. जुना घेताना झूम पुढेमागे करून आवाज ऐका. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का बघा. बॅटरी फुगलेली असेल तर घेऊ नका. आणि कुठलाही घ्या, साताऱ्याच्या पावसाळ्यात तो चामडी पाकिटात घालून कपाटात ठेवू नका. लेन्सला बुरशी धरते, आणि ती काचेच्या लेपात मुरली की मी काय, कुणीच काही करू शकत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरतं.

कृष्णाकाठ, सांगली

हे सगळं वाचूनही माझं मत तेच आहे. छोटा कॅमेरा एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो हे खरं, पण तेवढ्या जवळ गेलं की त्याचीच सावली फुलावर पडते आणि धक्का लागतो तो वेगळाच. १०० मिमी मॅक्रो लेन्सचं तोंड फुलापासून अर्धी वीत तरी लांब राहतं. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. त्या वर्षी काढलेले फोटो गुळगुळीत निघाले तर पुन्हा सात वर्षं थांबणार का? लहान सेन्सर नको असेल आणि वजनही नको असेल, तर रिको जीआर ३ सारखा कॅमेरा बघा. एपीएस-सी सेन्सर, वजन २५७ ग्रॅम. फक्त त्याला झूम नाही आणि किंमत परत डीएसएलआरच्या रांगेत.

सडेवाटा, सातारा

सर, त्याच किमतीमुळे तोही एकच येईल आणि एकाच हातात जाईल. टोपली कारवी फुलते तेव्हा कासच्या रस्त्यावर डीएसएलआरवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते. तिचे उत्तम फोटो निघणारच, आमच्याशिवाय निघणार. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत काय उगवलं आणि नोव्हेंबरात शेवटचं काय उरलं, हे टिपायला मात्र कुणी जात नाही. साताऱ्यात चांगल्या कॅमेऱ्यांची वाण नाही. त्या दिवसांत सड्यावर असलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा नाही, ही उणीव आहे. देणगी मी त्यावरच खर्च करायला सांगणार. शंकेचं फूल सापडलं तर तुमच्यासारख्यांना हाक मारू.

कृष्णाकाठ, सांगली

हाक मारा, मी मॅक्रो घेऊन येतो. सांगलीहून साताऱ्याला यायला कितीसा वेळ लागतो. पण पोरांना एवढं शिकवा: नुसतं फूल नको, पान, देठ आणि फुलाची मागची बाजू हेही फोटो हवेत. शेजारी सहा इंची पट्टी ठेवायची. फूल सावलीत असेल तर फ्लॅश न मारता पांढरा कागद धरून उजेड वळवायचा. आणि तीनही कॅमेऱ्यांतली तारीख-वेळ वाटायच्या आधी तुम्ही स्वतः लावा. बॅटरी संपून बंद पडलेला जुना कॅमेरा तारीख विसरतो, आणि तुमच्या नोंदीत तारीखच गेली तर उरलं काय?