'केअरगिव्हर'ला मराठीत काय म्हणायचं?

सिडकोकर: नाशिकमधल्या एका दवाखान्याच्या मानसोपचार विभागात फॉर्मवर 'काळजीवाहकाची सही' असा रकाना होता. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आई म्हणाली, "काळजीवाहू म्हणजे? मुख्यमंत्री असतो तसला?" दुसरा बरा शब्द आहे का?

गोदाकाठ: पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत 'शुभंकर' म्हणतात, आजारी माणसाला 'शुभार्थी'. पार्किन्सन्सच्या गटातही हेच शब्द ऐकलेत. गोड आहेत, पण शुभंकर म्हटलं की मला क्रीडास्पर्धेतलं बाहुलं दिसतं. त्यापेक्षा 'शुश्रूषा' बघा. 'श्रु' धातू, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागून आला.

सिडकोकर: ऐकण्याचीच तर पंचाईत आहे! आईला बाहेर बसवलं, पाच मिनिटांत गोळी बदलली. तो गोळी जिभेखाली धरून नंतर तुळशीच्या कुंडीत थुंकतो, रात्री दोनला गच्चीत येरझाऱ्या घालतो, हे फक्त आईला माहीत.

पंचवटीतला: शुभंकर पुल्लिंगी. आमच्या गल्लीत तरी हे सगळं बायकाच निस्तरतात.

निफाडची: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दोन वेगळी माणसं आहेत, ती एक समजू नका. केअरगिव्हर म्हणजे रुग्णाबरोबर राहून त्याची जबाबदारी घेणारा. नातेवाईक असो वा परका, पगारी असो वा बिनपगारी. 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना रुग्णाला साथ देणारा माणूस, मात्र रुग्णानं स्वतः नेमायचा. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झालं. भाऊ बरा असताना त्याच्याशी बोलून ठेवा. आणि डॉक्टरांनी आईला काय सांगावं यावर गोपनीयतेची बंधनं आहेत, आईचं ऐकून घ्यायला कुठलीच आडकाठी नाही.

शब्दाचं म्हणाल तर आमच्याकडे नाम नाहीच, क्रियापद आहे: करणं. "सासूचं कोण करतं?" "धाकटीनं शेवटपर्यंत केलं हो." काय केलं, ते कुणी विचारत नाही. हगणं-मुतणं, औषधं, रात्रीची जागरणं, सगळं त्यात आलं.

गोदाकाठ: +१. पण रकान्यात क्रियापद कसं छापणार?

सिडकोकर: काल परत गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" आई म्हणाली, "मी त्याचं करते." त्यानं रकान्यात 'गृहिणी' लिहिलं.