रंगांचे चौकोन काढू नका

तुमचं म्हणणं असं की झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा नवा अवतार करायचा तर १९८२ची ती रंगांची मर्यादा आधी काढून टाकावी. मला हे अजिबात पटत नाही.

त्या पडद्यावर २५६ बाय १९२ ठिपके. त्यांचे ८ बाय ८चे ७६८ चौकोन आणि एका चौकोनात दोनच रंग. ठिपक्यांना ६१४४ बाइट, रंगांना ७६८, एवढ्यात अख्खा पडदा बसायचा; म्हणून तर ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरला तो झेपायचा. आमच्याकडे सोलापुरात, पूर्व भागात, वडील चादरीची डिझाइनं चौकटीच्या कागदावर काढायचे. लाल पेन्सिलीने एकेक घर भरायचं, मग त्यावरून नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पडायची. चादरीवरच्या मोराची पाठ पायऱ्यापायऱ्यांची दिसते ती त्या घरांमुळेच, आणि आम्हाला मोर तसाच आवडतो.

नवे रंग द्याच, पण वेगळ्या थरात. स्पेक्ट्रम नेक्स्ट या आधीच आलेल्या नव्या अवतारात एफपीजीएवर (हव्या त्या सर्किटचं रूप देता येणाऱ्या चिपवर) हेच केलंय: जुना पडदा जसाच्या तसा, शिवाय २५६ रंगांचा स्वतंत्र थर आणि स्प्राइट, म्हणजे पडद्यावर सुटी हलणारी छोटी चित्रं. प्रोसेसर २८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, तरी ३.५चा वेग ठेवलाच आहे, कारण जुने गेम घड्याळाचे ठोके मोजून लिहिलेले असायचे. एचडीएमआय, एसडी कार्ड याबद्दल वादच नाही.

आणि एक, चालू करताच बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा समोर यायला हवी. मेन्यू नको.