चेंबरलेन, लिटल राउंड टॉप आणि उशिरा आलेलं पदक

अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या, बाजूने लढलेल्या कर्नल जोशुआ चेंबरलेनला गेटिसबर्गच्या लढाईनंतर लगेच मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं असं कुणीतरी म्हटलंय. तसं नाही. लढाई २ जुलै १८६३ची, पदक १८९३चं.

त्या दिवशी लिटल राउंड टॉप टेकडीवर त्याने केलेल्या संगिनींच्या हल्ल्याबद्दल सगळेच बोलतात, पण खरी करामत त्याआधीची. त्याची विसावी मेन (मेन राज्याची) ही रेजिमेंट युनियनच्या रांगेचं अगदी डावं टोक होती. शत्रूची, म्हणजे दक्षिणेची, अलाबामाची पंधरावी रेजिमेंट बगलेवर येतेय हे दिसताच त्याने गोळीबार न थांबवता माणसं डावीकडे सरकवली, दुहेरी रांग एकेरी केली आणि निशाणापाशी कोपरा करून डावी बाजू मागे वळवली. रांग लांबली, पण पातळ झाली. त्यात माणशी ६० काडतुसं, तीही संपत आलेली. मागे हटणं म्हणजे टेकडी सोडणंच.

मग डावी बाजू दारासारखी उजवीकडे फिरवत उतारावरून हल्ला. नेमक्या त्याच वेळी दगडी भिंतीआडून विसाव्या मेनच्याच, कॅप्टन मॉरिलच्या बी कंपनीने बाजूने गोळ्या झाडल्या. ही कंपनी चेंबरलेननेच आधी पुढे डावीकडे पाठवली होती, आणि तिचं श्रेय हमखास विसरलं जातं.

चेंबरलेनची ब्रिगेडियर जनरलची बढती मात्र पीटर्सबर्गच्या लढाईतली, जून १८६४. कमरेतून आरपार गोळी गेलेली, जगणार नाही असं समजून युनियनचा सरसेनापती ग्रँट याने ती दिली. गडी १९१४पर्यंत जगला.