मदत हवी आहे: गोदामातल्या ट्रॉलीचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी. आमच्या गोदामावर पत्रा आहे, आत जीपीएस लागत नाही. म्हणून भिंतींवर चार ईएसपी३२ बोर्ड (ब्लूटूथ सिग्नल पकडणारे छोटे कंट्रोलर) बसवलेत आणि ट्रॉलीवर ब्लूटूथ बीकन (ठराविक वेळाने सिग्नल सोडणारं छोटं यंत्र). सिग्नलच्या ताकदीवरून अंतर आणि अंतरांवरून जागा काढतो. मोकळ्यात बऱ्यापैकी चालतं. पण लोखंडी रॅकच्या गल्लीत ट्रॉली उभी असली तरी स्क्रीनवरचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. मधून माणूस गेला तरी सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे ६५ वरून उणे ८० डीबीएमवर घसरतो. कालमन फिल्टर (आधीच्या हालचालीवरून पुढच्या जागेचा अंदाज धरून चढउतार कमी करणारं गणित) लावल्यावर ठिपका शांत झाला, पण आता ट्रॉली वळली की तो सरळच पुढे जातो आणि उशिरा जागेवर येतो.

पार्टिकल फिल्टरमध्ये (अनेक शक्य जागा धरून न जुळणाऱ्या गाळत जाणारी पद्धत) नकाशा घालून ‘रॅकमधून आरपार जाता येत नाही’ अशी अट लावली तर फरक पडेल का? की सरळ यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ) घ्यावं? तिथे सिग्नलला लागणारा वेळ मोजतात, एका नॅनोसेकंदाला सुमारे ३० सेंमी, त्यामुळे अचूकता मिळते हे पटतं. पण नोड (भिंतीवरचा बोर्ड) रॅकआड गेला तर तिथेही अंतर जास्तच दिसणार ना?

कोणी प्रत्यक्ष बसवलं असेल तर नोड किती उंचीवर आणि किती अंतराने लावले, ते कृपया सांगा.